यंत्राआधी दळण

घरी एस्प्रेसो करायचं मनावर घेतलेला माणूस बहुधा खर्चाला उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी यंत्र येतं. चकचकीत, दाबाचा काटा असलेलं, दूध फेसाळायची नळी असलेलं. ओट्यावर त्याच्यासाठी जागा केली जाते. मग चांगली कॉफी येते, चिकमगळूरची किंवा कूर्गची, पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेली. आणि दळायची वेळ आली की मिक्सरचं चटणीचं भांडं पुढे होतं, नाहीतर पैसे संपत आल्यावर घेतलेला एखादा स्वस्तातला ग्राइंडर. पहिले काही दिवस कौतुकात जातात. त्यानंतर मात्र रोज सकाळी एकच प्रश्न उरतो: कालच्यासारखी आज का झाली नाही?

सुरुवातीला घोळ लक्षातही येत नाही, आणि त्याला कारण आहे. घरगुती यंत्रांबरोबर मिळणारी बास्केट, म्हणजे पूड भरायची जाळी, पुष्कळदा दुहेरी तळाची असते. आतल्या तळाला नेहमीसारखी बारीक भोकं, बाहेरच्या तळाला मात्र एकच सूक्ष्म छिद्र. दाब तयार होतो तो त्या छिद्रापाशी. पुडीला काही करावंच लागत नाही. ती जाड असो, बारीक असो, महिन्यापूर्वी दळलेली असो, कपात वर छान फेस दिसतो. हा फेस छिद्रातून चिळकांडी उडाल्यामुळे आलेला असतो, कॉफीच्या अंगचा नसतो. हौस वाढली की माणूस साध्या, एकेरी तळाची बास्केट आणतो आणि त्याच दिवशी सगळं बिघडतं. पाणी आठ-दहा सेकंदांत सपाट्याने निघून जातं, कपात पाणचट आंबट द्रव पडतो. किंवा पूड इतकी दाट बसते की थेंबही गळत नाही. शिव्या यंत्राला पडतात.

एस्प्रेसो सुरुवातीपासून इतकी नखरेल नव्हती. मिलानच्या लुइजी बेझ्झेराने १९०१ साली आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. डेझिडेरियो पावोनीने ते विकत घेऊन यंत्रं बाजारात आणली. त्या यंत्रांत पाणी ढकलायचं काम बॉयलरमधली वाफ करत असे, आणि तिचा दाब जेमतेम दीड-दोन बार. म्हणजे कॉफी झटपट होई, पण आज आपण जिला एस्प्रेसो म्हणतो तशी दाट नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्याच अकिले गाज्जाने दांडा आणि स्प्रिंगचं यंत्र आणलं. दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाई आणि सुटताना ती गरम पाणी आठ-नऊ बार दाबाने पुडीतून ढकले. कपावर पहिल्यांदाच सोनेरी-तपकिरी साय दिसू लागली. गिऱ्हाइकांना आधी ती शंकास्पद वाटली म्हणतात. १९६१ साली फाएमा कंपनीच्या ‘ई६१’ यंत्राने स्प्रिंगऐवजी विजेचा पंप बसवला आणि नऊ बार हा आकडा पक्का झाला. (यंत्रांच्या खोक्यांवर ‘१५ बार’ असं ठळक छापलेलं असतं. ती पंपाची कमाल क्षमता. त्यावर भाळून जादा पैसे मोजू नयेत.)

दाब चार-पाच पटींनी वाढला तेव्हा एक जबाबदारी गुपचूप पुडीकडे सरकली. पंप फक्त ढकलतो. पाण्याला अडवायचं, त्याला पुडीत रेंगाळायला लावायचं काम पुडीचं. आजचं रूढ माप घ्या. १८ ग्रॅम पूड, साधारण ९३ अंश तापमानाचं पाणी, कपात उतरलेली ३६ ग्रॅम कॉफी आणि वेळ २५ ते ३० सेकंद. यातली पूड काट्यावर तोलता येते, तापमान यंत्र सांभाळतं, कपातलं वजनही दिसतं. वेळेचं मात्र बटण नाही. तुम्ही किती बारीक दळलं, यावर ती ठरते.

किती बारीक, याला केवढी किंमत आहे ते एका फ्रेंच इंजिनिअरमुळे समजतं. हेन्री दार्सी दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम पाहत होता. वाळूच्या थरातून पाणी किती वेगाने पाझरतं, याचे प्रयोग करून त्याने १८५६ साली जो नियम मांडला तो भूजलवाले आजही वापरतात, आणि बास्केटमध्ये दाबून बसवलेल्या पुडीच्या चकतीलाही तो ठोकळमानाने लागू पडतो. त्या नियमातला पाझराचा गुणांक कणांच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. कण दहा टक्क्यांनी बारीक झाले की पाण्याचा वेग जवळजवळ १९ टक्क्यांनी घटतो. २५ सेकंदांत उतरणारा कप, म्हणजे ‘शॉट’, ३१ सेकंदांवर जातो. प्रत्यक्षात गरम पाण्यात पूड फुगते, दबते, त्यामुळे हिशोब याहून गुंतागुंतीचा आहे, पण रोख हाच. फ्रेंच प्रेसला दळणातला एवढासा फरक कळणारही नाही. एस्प्रेसोची चव मात्र त्याने आंबटावरून कडवटावर जाते.

इटालियन बारमध्ये चार ‘एम’ सांगतात: मिशेला, माचिनात्सिओने, माक्किना, मानो. मिश्रण, दळण, यंत्र आणि हात. यंत्र तिसरं आहे. आपल्याकडच्या वाचकाने यातल्या पहिल्या ‘एम’चा अभिमान बाळगायला हरकत नाही. भारतीय कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे, आणि तिथल्या कित्येक मिश्रणांत आपला रोबस्टा असतो. दुसऱ्या ‘एम’ने मात्र आपल्याला फार कधी छळलेलं नाही, कारण फिल्टर कॉफी दळणाच्या बाबतीत मोठ्या मनाची असते. माटुंग्याच्या दुकानात समोर दळून, हवी तेवढी चिकोरी घालून घेतलेली पूड फिल्टरमध्ये आठवडाभर निभते. एस्प्रेसोत ती दुसऱ्या दिवशीही निभत नाही. एक तर दळल्यावर कॉफीचा वायू आणि वास झपाट्याने उडतात, आणि दुसरं म्हणजे दुकानदाराने ज्या मापावर दळलं ते तुमच्या बास्केटला जुळेलच कसं?

आता मिक्सरकडे येऊ. मिक्सरचं पातं दाणा आपटून फोडतं. तो किती बारीक होणार हे तो पात्याच्या तडाख्यात कितीदा सापडला यावर अवलंबून. म्हणून भांड्याच्या तळाशी वस्त्रगाळ पूड बसते आणि वर अर्धवट फुटलेली कणी राहते. चटणीत दाण्याचा एखादा तुकडा दाताखाली आला तर बरंच वाटतं. एस्प्रेसोत मात्र पाणी जाड कणीजवळची मोकळी वाट पकडून पळतं आणि वस्त्रगाळ पूड तिथेच चिखल होऊन बसते. एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं ते यामुळे. मिक्सर कितीही महागाचा घ्या, यात फरक पडत नाही. दोष त्याच्या तत्त्वातच आहे.

जात्याचं तत्त्व निराळं. दोन दगडांमध्ये ठरावीक फट असते आणि त्या फटीतून मावेल एवढा बारीक झाल्याशिवाय दाणा बाहेर पडत नाही. वैरण मध्यभागी पडते, खाचांमधून कडेकडे सरकते आणि जाता जाता बारीक होते. कॉफीच्या ग्राइंडरमधला ‘बर’ म्हणजे असंच पोलादी जातं. मध्याजवळचे मोठे दाते दाणा फोडतात, कडेचे बारीक दाते तो दळतात. एक भाग स्थिर, एक फिरता. दगडी जात्याला अधूनमधून टाकी लावून घ्यावी लागे, इथे बोथट झालेला बर बदलून टाकायचा. फ्रान्सची प्यूजो कंपनी १८४० पासून अशी हाताने फिरवायची कॉफीची जाती बनवत होती. मोटारगाड्या फार नंतरच्या.

तेव्हा पहिली पायरी मिक्सर सोडून बर असलेला ग्राइंडर घेणं, हे सगळेच सांगतात. फसगत होते ती दुसऱ्या पायरीला. बर आहे म्हणून ग्राइंडर एस्प्रेसोचा होत नाही. दुकानात ‘जाड ते बारीक, सर्व प्रकारच्या कॉफीसाठी’ असं लिहिलेला ग्राइंडर पुरेसं बारीक दळतोही. प्रश्न असतो माप बदलायच्या दोन खाचांमधल्या अंतराचा. या सेटिंगवर शॉट १५ सेकंदांत संपतो, पुढच्यावर ४५ सेकंद लागतात, आणि तुम्हाला हवे असलेले २७ सेकंद नेमके या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, जिथे थांबायची सोयच नाही.

हे आकड्यांत पाहिलं की डोक्यात बसतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कमांडान्टे सी४० या नावाजलेल्या जर्मन हातग्राइंडरमध्ये एक ‘टिक’ फिरवली की आतला शंकूच्या आकाराचा बर साधारण ३० मायक्रॉनने वर-खाली होतो. गाळून प्यायच्या कॉफीसाठी हे उत्तम आहे. एस्प्रेसोला ३० मायक्रॉनची उडी मोठी पडते. कंपनीलाही हे ठाऊक आहे, म्हणून ती ‘रेड क्लिक्स’ नावाचा निराळा आस विकते, ज्याने टिक निम्म्यावर, १५ मायक्रॉनवर येते. तैवानच्या वनझीप्रेसोच्या ‘जे-मॅक्स’मध्ये ती ८.८ मायक्रॉन आहे. बराट्झा कंपनीचं उदाहरण आणखी बोलकं. त्यांच्या ‘एन्कोअर’ला ४० खाचा होत्या, जवळपास सारख्या अंतराच्या. एस्प्रेसोवाल्यांची तक्रार कायम. मग ‘एन्कोअर ईएसपी’ आला. त्यालाही खाचा ४०च, पण पहिल्या २० फार जवळजवळ, एस्प्रेसोसाठी, आणि उरलेल्या २० दूरदूर, बाकीच्या कॉफीसाठी.

फ्लोरेन्सच्या युरेकासारख्या इटालियन कंपन्या खाचांच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यांच्या ‘मिन्योन’ ग्राइंडरांना चक्री असते, ती हवी तेवढी, केसभरसुद्धा फिरवता येते. याचा एक तोटा. आज एस्प्रेसो, उद्या फ्रेंच प्रेस, परवा पुन्हा एस्प्रेसो असं करणाऱ्याला मूळ जागा सापडत नाही. एस्प्रेसोचा ग्राइंडर एस्प्रेसोलाच ठेवावा, असं माझं मत आहे.

नवीन पाकीट फोडलं की माप पुन्हा लावावं लागतं, त्याला ‘डायल-इन’ म्हणतात. पाकिटातला माल बदलला की का लावायचं? कारण दाणा बदलतो. गडद भाजलेला दाणा ठिसूळ असतो, लगेच चुरतो. फिका भाजलेला टणक असतो. मॉन्सून्ड मलबारसारखा, पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवलेला दाणा आकाराने मोठा पण वजनाला हलका. चांगल्या ग्राइंडरवर दुसऱ्या-तिसऱ्या शॉटला माप जुळतं. तीन शॉट म्हणजे ५४ ग्रॅम, २५० ग्रॅमच्या पाकिटातला पाचव्या हिश्श्याहून जास्त माल. खाचा दूर असलेल्या ग्राइंडरवर तेवढा ओतूनही माप जुळेलच असं नाही. मग माणूस पूड अर्ध्या ग्रॅमने वाढवून बघतो, पूड दाबायचा टॅम्पर जास्त दाबून बघतो, पाकीट चार दिवस मुरवून बघतो. या तडजोडी करता करता ज्याला कंटाळा आला, त्याने ग्राइंडर बदलायची वेळ झाली असं खुशाल समजावं.

खाचा जवळ असणं ही एक बाब झाली. तेवढीच महत्त्वाची, पण जाहिरातीत क्वचित दिसणारी दुसरी बाब म्हणजे दोन्ही बर एकमेकांना समांतर असणं. दोन सपाट पोलादी चकत्या समोरासमोर आहेत. त्यांतली एक जराशी तिरकी बसली तर एका बाजूला फट अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद, आणि प्रत्येक फेऱ्यात कॉफी दोन मापांची दळली जाते. हे घरच्या घरी तपासता येतं. ग्राइंडरचा प्लग काढायचा, वरची चकती उघडायची, तिच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्डच्या मार्करने शाई फिरवायची. चकती परत बसवायची, फट हळूहळू कमी करत न्यायची आणि चकत्या जेमतेम घासू लागल्या की हाताने एक-दोन फेरे द्यायचे. उघडून बघायचं. शाई सगळीकडून सारखी पुसली असेल तर उत्तम. फक्त एका बाजूची पुसली असेल, तर तिथे चकती पुढे आलेली आहे. मग उलट बाजूला, चकतीच्या खाली, स्क्रूच्या जवळ ॲल्युमिनियम फॉइलचा बारीकसा तुकडा ठेवतात. पोळ्या गुंडाळायची तीच फॉइल, तिची जाडी साधारण १५ मायक्रॉन असते. पुन्हा शाई, पुन्हा फेरे. हे काम किचकट आहे, एक रविवार सहज खातं. पण एका मध्यम किमतीच्या ग्राइंडरमधून महागड्याच्या जवळ जाणारं दळण याने निघू शकतं. महागड्या ग्राइंडरच्या किमतीतला मोठा वाटा कशाचा असतो, हेही यातून कळतं. जाड धातूचं अंग, घट्ट बेअरिंग आणि आधीच समांतर बसवलेल्या चकत्या.

आता कणांविषयी. कुठलाही ग्राइंडर एकाच आकाराची पूड देत नाही. एस्प्रेसोच्या दळणात एक मोठा गट काहीशे मायक्रॉनच्या कणांचा असतो आणि दुसरा शंभर मायक्रॉनच्या आतल्या धुळीचा. दाणा ठिसूळ असल्यामुळे तो फुटताना धूळ होणारच. ही धूळ शत्रू आहे असं समजू नये. मोठ्या कणांमधल्या फटी तीच भरते आणि पाण्याला अडवते. ती जवळजवळ नसलेलं दळण एस्प्रेसोला वापरायचं तर आणखी बारीक जावं लागतं. खरी मेख धुळीच्या प्रमाणात आहे, आणि ते बराच्या घडणीवर ठरतं.

इथे शंकूच्या आकाराचा बर की सपाट चकत्यांचा, हा वाद सुरू होतो. ढोबळ अनुभव असा, की शंकूच्या बरातून धूळ जरा जास्त येते, कॉफीला अंग येतं, चॉकलेट-सुकामेवा या वळणाची गोलसर चव लागते. मोठ्या सपाट चकत्यांतून चवी सुट्या सुट्या लागतात, फळांची आंबट-गोड छटा वर येते. २०१३ साली मेलबर्नला जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्जरने एस्प्रेसोसाठी माल्कोनिग ईके४३ वापरला. हा ९८ मिलिमीटरच्या चकत्यांचा दांडगा ग्राइंडर तोवर दुकानात गिऱ्हाइकाला पाकीट दळून द्यायच्या कामाचा मानला जाई. पर्जर दुसरा आला, पण त्यानंतर कॅफेंमध्ये ईके४३ची रीघ लागली आणि घरगुती ग्राइंडरवालेही मोठ्या चकत्यांच्या मागे लागले. माझं म्हणणं एवढंच, की ही आवडीनिवडीची बाब आहे, दर्जाची नव्हे. ज्याच्या घरी गडद भाजलेली कॉफी दुधात जाते, त्याने फळांच्या छटांसाठी दुप्पट पैसे मोजणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

जितकं बारीक तितका अर्क जास्त, हा समजही पूर्ण खरा नाही. ऑरेगन विद्यापीठाचा रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि पोर्टस्मथचा गणिती जेमी फॉस्टर यांनी सहकाऱ्यांसह २०२० साली ‘मॅटर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. बारीक दळत गेलं की काही काळ अर्क वाढतो, मग पूड जागोजागी तुंबते, पाणी काही वाटांनीच जातं आणि अर्क उलट घटतो, शिवाय दर वेळी वेगळा येतो. त्यांचा सल्ला होता, कॉफी कमी घ्या आणि थोडी जाड दळा. याच हेंडनने आधी, २०१६ साली, इंग्लंडमधल्या कॉफीवाल्यांबरोबर दाणे गार करून दळले होते, अगदी द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंशांपर्यंत. दाणा जितका गार, तितकं दळण बारीक आणि एकसारखं. घरी नायट्रोजन कुठून येणार, पण १८-१८ ग्रॅमच्या पुड्या हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवायच्या आणि थेट तशाच दळायच्या, ही पद्धत त्यामुळे रुजली. पाकीट संपायला महिना लागणाऱ्या घरात ती मी डोळे झाकून सुचवीन.

कॅफेचा ग्राइंडर आणि घरचा ग्राइंडर यांच्या गरजा एका ठिकाणी अगदी वेगळ्या होतात. कॅफेत वरच्या डब्यात किलोभर दाणे भरलेले असतात आणि दिवसभर दळण चालू असतं. अशा यंत्राच्या पोटात काही ग्रॅम पूड कायम अडकून राहते. पुढच्या मिनिटाला पुढचं गिऱ्हाईक असल्यामुळे कुणाला फरक पडत नाही. घरी सकाळी एक कप आणि संध्याकाळी एक. सकाळची अडकलेली पूड संध्याकाळच्या कपात येते, तीही शिळी. माप बदललं तरी पहिला कप जुन्या-नव्याची भेसळ. म्हणून घरगुती ग्राइंडरांत गेल्या काही वर्षांत खरा बदल झाला तो इथे: लागतील तेवढेच दाणे तोलून टाकायचे आणि तेवढीच पूड बाहेर यायला हवी. २०१७ साली लोकवर्गणीतून आलेला इंग्लंडचा ‘निश झीरो’ या जातीतला गाजलेला. त्यातला ६३ मिलिमीटरचा शंकू व्हेनिसजवळच्या माझर कंपनीच्या ‘कोनी’ या कॅफेवाल्या ग्राइंडरचा, आणि तो मिनिटाला फक्त ३३० फेरे घेतो. पाठोपाठ चीनमधून ६४ मिलिमीटरच्या सपाट चकत्यांचा ‘डीएफ६४’ आला. किंमत कमी, आणि याच मापाच्या वेगवेगळ्या घडणीच्या चकत्या बाजारात मिळत असल्यामुळे हौशी लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

अशा ग्राइंडरमध्ये दाणे टाकण्याआधी लोक त्यांवर पाण्याचे एक-दोन थेंब शिंपडतात. पाहणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. दळताना घर्षणाने पूड विद्युतभारित होते, ग्राइंडरच्या तोंडाला चिकटते, ओट्यावर उडते, गुठळ्या होतात. ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या जोशुआ मेंडेझ हार्परने हेंडनबरोबर हा विषय हाती घेतला. २०२३ च्या अखेरीस आलेल्या त्यांच्या निबंधात दिसलं, की थोड्याशा पाण्याने भार घटतो, गुठळ्या कमी होतात आणि एस्प्रेसो जास्त दाट उतरते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे दोन थेंब चांगलेच जाणवतील. मुंबईच्या पावसाळ्यात कदाचित गरजही पडणार नाही. तिथे काळजी वेगळी. उघडं पाकीट दमट हवेत राहिलं की दाणे ओल धरतात आणि काल बरोबर असलेलं माप आज चुकतं.

मग बदलायचा तर कोणता? मिक्सरवरून किंवा दूरदूर खाचांच्या ग्राइंडरवरून एस्प्रेसोच्या ग्राइंडरवर येणं, या उडीने जो फरक पडतो तो घरातल्या कॉफी न पिणाऱ्यालाही वासावरून कळेल. त्यानंतरची प्रत्येक उडी महाग होत जाते आणि फरक लहान होत जातो. पैसे बेताचे असतील तर हातग्राइंडर घ्यावा. मोटार, वायरिंग, आवाज अडवणारी पेटी यांवर पैसे जात नसल्यामुळे त्याच किमतीत बर आणि बेअरिंग फार वरच्या दर्जाचे मिळतात. मात्र फिक्या भाजलेल्या कॉफीचे १८ ग्रॅम एस्प्रेसोच्या मापावर दळताना मनगटाची परीक्षा होते. घरात चार पिणारे असतील तर चौथ्या कपाला हा उत्साह टिकत नाही. सकाळी सहाला बाळ झोपलेलं असेल, तर उलट तोच बरा.

दुसरा मार्ग कॅफेतून निघालेला जुना ग्राइंडर. माझर ‘सुपर जॉली’सारखी ६४ मिलिमीटर चकत्यांची धुडं वर्षानुवर्षं चालतात, आणि त्यांना नव्या चकत्या बसवल्या की दळण पुन्हा नव्यासारखं. घेताना दोन गोष्टी बघाव्यात: बेअरिंगमध्ये खडखड आहे का, आणि त्याची उंची तुमच्या ओट्यावरच्या कपाटाखाली मावते का. पोटात पूड अडकते, हा दोष मात्र पदरात पडणारच. घरी रोज दोन कप म्हणजे ३६ ग्रॅम, वर्षाला सुमारे १३ किलो. कॅफेच्या चकत्या शेकडो किलो दळूनच बोथट होतात. घरी त्या बदलायची वेळ बहुधा तुमच्यावर येणार नाही.

नवीन ग्राइंडर घरी आला की पहिले काही दिवस तो चंचल वागतो. नव्या दात्यांच्या कडा फार तीक्ष्ण असतात, त्या एक-दोन किलो, कधी त्याहून जास्त, दळल्यावर स्थिरावतात. तोवर माप रोज थोडं सरकतं. यासाठी स्वस्त, शिळे दाणे वापरावेत. तांदूळ घालून दळायचा सल्ला घरोघरी मिळतो. तो ऐकू नये, कच्चा तांदूळ भाजलेल्या कॉफीहून कितीतरी टणक असतो आणि लहान मोटार त्यात अडकते. गाडं रुळावर आलं की मात्र यंत्राचे दोष एकेक करून दिसू लागतात. लागोपाठ दुसऱ्या कपाला तापमान पडतंय, टॅम्पर बास्केटपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान आहे. ते आधीही होतेच, पण दळणाच्या गोंधळात कोण बघतो. जुना ग्राइंडर लगेच विकू नका. त्याच्या दूरदूर खाचा फ्रेंच प्रेसला आणि मोका पॉटला उत्तम चालतात, आणि फिल्टर कॉफी पिणारं कुणीतरी घरात असतंच.